आयर्न मेडनची घसरण: दोष गायकाचा, की रिकाम्या राहिलेल्या कामांचा?

आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडबद्दल चाहत्यांत जो वाद चालतो, त्यातले प्रश्न तीन आहेत. 1990 नंतर आयर्न मेडनचा दर्जा उतरला, त्याला गायक ब्लेझ बेली जबाबदार होता का? 1999 मध्ये आधीचा गायक ब्रूस डिकिन्सन आणि गिटारवादक एड्रियन स्मिथ परतल्यावर तो दर्जा खरोखर परत आला का? आणि ड्रमर निको मॅकब्रेन दौऱ्यांमधून निवृत्त झाल्यानंतर सायमन डॉसनच्या ड्रम्सवर जी टीका होते आहे, तिच्यात तथ्य किती?

माझं मत आधीच सांगतो. घसरण झाली, पण ती ब्लेझ येण्याच्या दोन अल्बम आधी सुरू झाली होती. ब्लेझच्या काळात ती जास्त ऐकू आली, कारण गायकाचा आवाज सगळ्यात पुढे असतो आणि आपण दोष तिथेच टाकतो. 1999 नंतर बऱ्याच गोष्टी सुधारल्या, पण एक जुनं दुखणं तसंच राहिलं आणि ते आजही आहे. बँडमधून कोण गेलं यापेक्षा तो कुठलं काम करत होता आणि त्याच्यामागे ते काम कुणी उचललं, हा प्रश्न धरला तर मेडनचा सगळा इतिहास नीट उलगडतो.

'क्लासिक लाईनअप' हा शब्द आपण सैल वापरतो, म्हणून आधी माणसांचा क्रम पाहू. बेसवादक स्टीव्ह हॅरिसने 1975 च्या नाताळात पूर्व लंडनमध्ये बँड काढला. 1980 च्या पहिल्या अल्बमवर गायक पॉल डिआनो, गिटारवादक डेव्ह मरे व डेनिस स्ट्रॅटन आणि ड्रमर क्लाइव्ह बर होते. 1981 च्या 'किलर्स'वर स्ट्रॅटनच्या जागी एड्रियन स्मिथ आला आणि त्याच अल्बमपासून मार्टिन बर्च हा निर्माता आला. 1982 च्या 'द नंबर ऑफ द बीस्ट'वर डिआनोच्या जागी ब्रूस आला. 1983 च्या 'पीस ऑफ माइंड'वर बरच्या जागी निको आला. म्हणजे पहिल्या चार अल्बमपैकी कुठल्याही दोन अल्बमवर तीच माणसं नाहीत, आणि तरीही बँड दरवेळी वर चढत गेला. गायक आणि ड्रमर दोघेही पाठोपाठच्या अल्बमवर बदलूनही दर्जा पडला नाही, कारण दोन कामं स्थिर होती: गाण्यांचा मुख्य सांगाडा हॅरिसकडे, आणि स्टुडिओत काय ठेवायचं, काय काढायचं याचा निवाडा बर्चकडे. माणूस बदलला की दर्जा पडतो, हे गृहीतक इथेच कोसळतं.

मग 1990 मध्ये वेगळं काय झालं? 'नो प्रेअर फॉर द डाइंग'च्या तयारीत एड्रियन बाहेर पडला आणि त्याच्या जागी जॅनिक गर्स आला. या बदलाकडे बहुतेक लोक 'एक गिटारवाला गेला, दुसरा आला' एवढंच पाहतात. श्रेयनामावली काढून बघा. 'सी ऑफ मॅडनेस', 'वेस्टेड इयर्स' आणि 'स्ट्रेंजर इन अ स्ट्रेंज लँड' ही 1986 ची तीन गाणी एकट्या एड्रियनच्या नावावर आहेत. 'फ्लाइट ऑफ इकारस', 'टू मिनिट्स टू मिडनाइट' आणि 'मूनचाइल्ड' त्याने ब्रूसबरोबर लिहिली आहेत. 'द प्रिझनर' आणि '22 अकेशिया अव्हेन्यू' हॅरिसबरोबरची. यातली बहुतेक गाणी चार ते सहा मिनिटांची आहेत, कोरस पहिल्या दीड मिनिटात येतो आणि रिफ, म्हणजे गिटारची पुन्हापुन्हा येणारी छोटी धून, लगेच ओळखू येते. हॅरिसची ताकद वेगळी: सात ते तेरा मिनिटांचा विस्तार, भागांमागून भाग, बदलते ठेके. 'पॉवरस्लेव्ह'सारख्या अल्बमवर 'टू मिनिट्स टू मिडनाइट' आणि 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर' शेजारी असणं हाच त्या काळातला तोल होता. एड्रियन गेल्यावर छोट्या, घट्ट बांधलेल्या गाण्यांचं काम कुणाच्याच वाट्याला नीट आलं नाही.

गर्स वाईट वादक नाही. त्याच्यावर होणारी टीका बरीचशी त्याच्या रंगमंचावरच्या उड्यांवर असते, वाजवण्यावर कमी. पण सोलोचा स्वभाव वेगळा आहे. एड्रियनचे सोलो आधी रचलेले असतात, म्हणून ते तोंडाने गुणगुणता येतात. मरेचा हात वाहता असतो. हॅमर-ऑन आणि पुल-ऑफवर (तार पुन्हा न छेडता बोटांनीच सूर काढण्यावर) चालणाऱ्या लांब लडी, बहुतेक वेळा स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या नेक पिकअपवरून. पूर्वी या दोघांत फरक होता, एकाने वाहायचं आणि दुसऱ्याने बांधायचं. गर्सही स्ट्रॅटवाला आणि त्या क्षणी सुचेल तसं वाजवणारा. म्हणजे वाहणारे दोन झाले आणि बांधणारा कुणीच उरला नाही. 'नो प्रेअर'वरचे सोलो लागोपाठ ऐकलेत की कोण कुठला हे ओळखायला वेळ लागतो. 'पीस ऑफ माइंड'वर तो वेळ लागत नाही.

त्याच वेळी आणखी दोन गोष्टी बदलल्या. पहिली म्हणजे खोली. मेडनचे ऐंशीच्या दशकातले अल्बम खऱ्या स्टुडिओंमध्ये झाले: लंडनचं बॅटरी, बहामातल्या नासाऊचं कंपास पॉइंट, हिल्वर्समचं विसेलूर्ड, म्यूनिकचं म्युझिकलँड. 'नो प्रेअर' एसेक्समधल्या हॅरिसच्या धान्याच्या कोठारात, रोलिंग स्टोन्सचा फिरता स्टुडिओ बाहेर उभा करून रेकॉर्ड झाला. पुढे त्याच कोठाराचा 'बार्नयार्ड' हा स्टुडिओ झाला आणि 'फिअर ऑफ द डार्क', 'द एक्स फॅक्टर', 'व्हर्चुअल इलेव्हन' हे तिन्ही तिथेच झाले. चार अल्बम एकाच घरात, घरमालकाच्या सोयीने. दुसरी गोष्ट म्हणजे ब्रूसचा आवाज. 'नो प्रेअर' आणि 'फिअर ऑफ द डार्क'वर तो मुद्दाम खरखरीत, घसा घासून गातो. 'सेव्हन्थ सन'वरचा मोकळा, उंच लागणारा स्वर दोनच वर्षांत गायब झाला, आणि गायक तर तोच होता! 'ब्रूस असता तर घसरण झाली नसती' असं म्हणणाऱ्यांनी हे दोन अल्बम आधी सलग ऐकावेत. 'चेन्स ऑफ मिझरी' आणि 'वीकेंड वॉरियर' ब्रूसच्याच आवाजात आहेत आणि ती भरतीची गाणी आहेत.

निर्मात्याबाबत मात्र घाई करू नका. 'बर्च गेला आणि सगळं बिघडलं' हेही अर्धंच खरं. 'नो प्रेअर'वर बर्च होता. 'फिअर ऑफ द डार्क'वरही होता, पण त्या वेळी निर्माता म्हणून त्याच्याबरोबर हॅरिसचं नाव लागलं. त्यानंतर बर्च निवृत्त झाला. 1995 पासून निर्मिती हॅरिस आणि नायजेल ग्रीन यांच्याकडे गेली. गीतकार, बेसवादक, स्टुडिओचा मालक आणि निर्माता हा एकच माणूस असेल तर 'हे गाणं अडीच मिनिटांनी कापू या' असं त्याला कोण म्हणणार? मेडनमध्ये खऱ्या अर्थाने रिकामी राहिलेली खुर्ची ही आहे, आणि ती गायकाच्या खुर्चीच्या आधी रिकामी झाली.

माध्यमानेही हातभार लावला. एलपीच्या, म्हणजे जुन्या तबकडीच्या, एका बाजूला वीस-बावीस मिनिटांपलीकडे गेलं की खाचा अरुंद कराव्या लागतात, आवाजाची पातळी आणि बेस कमी होतो. म्हणून ऐंशीच्या दशकात चाळीस-पंचेचाळीस मिनिटं ही नैसर्गिक मर्यादा होती. 'नंबर ऑफ द बीस्ट' साधारण 40 मिनिटं, 'सेव्हन्थ सन' 44. 'पॉवरस्लेव्ह' 51 मिनिटांचा, तो त्या काळात लांबच मानला जाई. सीडी मुख्य माध्यम झाल्यावर ही कात्री गेली. 'फिअर ऑफ द डार्क' बारा गाणी आणि 58 मिनिटं, 'द एक्स फॅक्टर' अकरा गाणी आणि 71 मिनिटं. 'फिअर ऑफ द डार्क'मधली आठ गाणी निवडून 42 मिनिटांचा अल्बम लावून बघा. 'बी क्विक ऑर बी डेड', 'अफ्रेड टू शूट स्ट्रेंजर्स', 'वेस्टिंग लव्ह' आणि शीर्षकगीत यांच्याभोवती एक दमदार अल्बम उभा राहतो. गाणी कमी पडली नव्हती, निवड कमी पडली होती.

आता ब्लेझ. ब्रूसने 1993 मध्ये बँड सोडला, 1994 च्या सुरुवातीला वुल्फ्सबेन या बँडचा ब्लेझ बेली आला. त्याच्या बाबतीत तीन गोष्टी वेगळ्या काढायच्या: पट्टी, मिक्स (आवाज आणि वाद्यं किती पुढे-मागे ठेवली ते) आणि गाणी.

पट्टीचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि आपल्याकडच्या ऐकणाऱ्याला तो चटकन कळेल, कारण आपल्याकडे गायक बदलला की पेटीवाला आधी पट्टी विचारतो. ब्लेझचा आवाज बॅरिटोन, त्याची ताकद मधल्या आणि खालच्या स्वरांत. ब्रूसची गाणी त्याच्यापेक्षा बऱ्याच उंचीवर लिहिलेली. मैफलीत 'द एव्हिल दॅट मेन डू', 'द ट्रूपर', 'हॅलोड बी दाय नेम' ही गाणी त्याला मूळ पट्टीतच गावी लागली. बँडने गिटार खाली उतरवल्या नाहीत. लांब धरलेल्या स्वराच्या शेवटी त्याचा सूर उतरतो, असा जो आरोप आहे तो खरा आहे. पण ते आवाजाच्या वरच्या टोकाशी रोज रात्री दीड-दोन तास लढण्याचं फळ आहे. घशाच्या त्रासाने त्याच्या काळात काही कार्यक्रम रद्दही करावे लागले.

उतरवणं कठीण होतं का? तांत्रिकदृष्ट्या नाही. गिटारची जाड तार ई म्हणजे 82.4 हर्ट्झ, पूर्ण एक स्वर खाली, म्हणजे डी, 73.4 हर्ट्झ. तीच तार ठेवली तर ताण साधारण एकपंचमांश कमी होतो, तार ढिली पडते आणि मेडनचा तो एक आठवा-दोन सोळावे असा घोडदौडीचा ठेका उजव्या हाताखाली चिकट होतो. म्हणून तारा जाड घ्यायच्या: जिथे 46 ची (इंचाच्या हजारांश भागांत) जाड तार आहे तिथे 52, जिथे 9 ची पातळ आहे तिथे 10. नट आणि इंटोनेशन नव्याने लावायचं, गिटारचा एक वेगळा संच ठेवायचा. अर्धा स्वर उतरवायचा असेल तर याचंही फारसं काम नाही. मेटॅलिकाने नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून मैफलीत अर्धा स्वर खाली वाजवायला सुरुवात केली, आणि त्याबद्दल कुणी त्यांना बँड संपला असं म्हणालं नाही. अर्ध्या-एका स्वराने ब्लेझचा ब्रूस झाला नसता, पण रोजची झटापट निम्मी कमी झाली असती. नव्या गायकाला जुन्या पट्टीत उभं करणं हा निर्णय बँडचा होता. त्याची किंमत ब्लेझने एकट्याने मोजली.

मिक्सचं बघा. 'द एक्स फॅक्टर'वर आवाज कोरडा आणि अगदी पुढे आहे, गिटारी मागे आणि बारीक, ड्रम्सना खोली नाही. ब्रूसच्या जुन्या अल्बमवर आवाजाभोवती जी हवा आहे, दुहेरी ट्रॅक आहेत, कोरसमध्ये खालचा-वरचा सूर आहे, त्यातलं इथे फार थोडं आहे. कोरड्या मिक्समध्ये कुठल्याही गायकाचे काठ उघडे पडतात. त्यातच हॅरिसची एक जुनी सवय: गाण्याची चाल आणि गिटारची धून एकच. गिटार जे वाजवते तेच गायकाने गायचं, त्यामुळे शब्दांना श्वास घ्यायला जागा नाही आणि सूर जरा सरकला की शेजारची गिटार तो दाखवून देते.

आणि गाणी? इथे दोन अल्बम एका टोपलीत टाकणं चूक आहे. 'द एक्स फॅक्टर' लिहिताना हॅरिसच्या घटस्फोटाचा काळ होता. तो अल्बम काळोखी आणि संथ आहे, पण खरा आहे. 'साइन ऑफ द क्रॉस'ची अकरा मिनिटं ब्लेझच्या आवाजाच्या खालच्या भागावर बेतलेली आहेत आणि तिथे तो पूर्ण पटतो. त्याने स्वतः लिहिलेलं, गर्सबरोबरचं 'मॅन ऑन द एज' चार मिनिटांत संपतं आणि त्या काळात हरवलेलं छोटं गाणं पुन्हा देतं. माझ्या मते लेखनात 'द एक्स फॅक्टर' हा 'नो प्रेअर'पेक्षा सरस आहे. त्याची अडचण लांबी आणि ध्वनी. 1998 चा 'व्हर्चुअल इलेव्हन' मात्र खरोखर कमजोर आहे, आणि 'द एंजल अँड द गॅम्बलर' हा त्याचा नमुना. 9 मिनिटं 52 सेकंदांत एकच ओळ वीसहून अधिक वेळा येते, मागे सपाट कीबोर्ड. एकेरी गाणं (सिंगल) म्हणून प्रसिद्ध करताना त्याचीच सहा मिनिटांच्या आसपासची आवृत्ती काढली गेली, म्हणजे कापता येत होतं. पहिली दोन कडवी, प्रत्येकानंतर एकदा कोरस, सोलो, शेवटी ती ओळ चार वेळा: एवढं ठेवून संगणकावर कापून बघा, साडेपाच मिनिटांचं बऱ्यापैकी रॉक गाणं हाती येतं. त्याच अल्बमवर 'द क्लॅन्समन'ही आहे, आणि ते बँडच्या उत्तम गाण्यांपैकी आहे.

'साइन ऑफ द क्रॉस' आणि 'द क्लॅन्समन' ब्रूसने 19 जानेवारी 2001 ला ब्राझीलमधल्या रॉक इन रिओ महोत्सवात गायली, ती ध्वनिमुद्रित आहेत. 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज' 2003 च्या दौऱ्यातल्या 'डेथ ऑन द रोड' या मैफलीच्या अल्बमवर आहे. हे पुरावे म्हणून नेहमी पुढे केले जातात: बघा, गायक बदलला आणि गाणं उजळलं. ऐकायला ते पटतं, पण तुलना शुद्ध नाही. रिओच्या आवृत्तीत गायकाबरोबरच तीन गिटारी आल्या, निर्माता केव्हिन शर्लीचं मिक्स आलं आणि समोर अफाट गर्दी आहे. चार गोष्टी एकदम बदलल्यावर श्रेय एकाच गोष्टीला देता येत नाही. उलट त्यातून दुसरंच सिद्ध होतं: गाणी मुळात चांगली होती.

ऐकून ठरवायचंच असेल तर नीट पद्धतीने ठरवा. सगळ्यात आधी पातळी सारखी करा. एक-दोन डेसिबलने मोठं असलेलं कानाला नेहमी 'चांगलं' वाटतं. मेडनच्या जुन्या अल्बमच्या मूळ सीडी, 1998 चे रीमास्टर (जुन्या ध्वनिमुद्रणाच्या नव्याने तयार केलेल्या प्रती) आणि 2015 पासूनचे नवे रीमास्टर यांची पातळी एकसारखी नाही, त्यामुळे कुठली प्रत आहे ते लिहून ठेवा. ऑडॅसिटी या संगणकावरच्या सॉफ्टवेअरमध्ये लाउडनेस नॉर्मलायझेशन, म्हणजे पातळी सारखी करायची सोय, आहे. सगळे तुकडे उणे 20 लफ्सवर (LUFS, आवाजाची पातळी मोजायचं एकक) आणा. प्रत्येक गाण्यातून 40 सेकंद घ्या: एक कडवं आणि एक कोरस, सोलो वेगळा. तुकडे दुसऱ्याला लावायला सांगा आणि अल्बमचं नाव न बघता टिपण करा. लयही अंदाजाने सांगू नका. सोळा बार मोजा, म्हणजे चौसष्ट ठोके. 3840 ला लागलेल्या सेकंदांनी भागा. चोवीस सेकंद लागले तर 160. 1985 च्या 'लाइव्ह आफ्टर डेथ'मधल्या गाण्यांची लय स्टुडिओच्या आवृत्तीशी आणि अलीकडच्या मैफलींशी अशी ताडून पाहा. 'उत्साह कमी झाला' असं जे आपण म्हणतो, त्यातला काही भाग निव्वळ लयीचा असतो.

विक्री आणि क्रमवारी हे दर्जाचं माप म्हणून वापरू नका. 'ब्रिंग युअर डॉटर टू द स्लॉटर' 1991 च्या जानेवारीत ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. ते बँडच्या पहिल्या वीस गाण्यांत तरी कुणी धरेल का? 'द एक्स फॅक्टर' आठव्या आणि 'व्हर्चुअल इलेव्हन' सोळाव्या क्रमांकावर थांबले, पण त्या वर्षांत पारंपरिक हेवी मेटलचाच बाजार आक्रसला होता आणि अमेरिकेत बँडला छोट्या जागांवर वाजवावं लागत होतं.

ज्यांना गायकच सर्व काही वाटतो त्यांनी ज्यूडास प्रीस्ट या दुसऱ्या ब्रिटिश मेटल बँडकडे पाहावं. रॉब हाल्फर्ड गेल्यावर 1996 मध्ये आलेला टिम 'रिपर' ओवेन्स हाल्फर्डची गाणी त्याच पट्टीत, त्याच ताकदीने गाऊ शकत होता. तरीही 'जुग्युलेटर' आणि 'डेमोलिशन' हे अल्बम आज कोण आवडीने लावतं? गायकाची क्षमता पूर्ण होती, गाणी नव्हती. उलट 2011 मध्ये के. के. डाउनिंगसारखा मूळ गिटारवादक गेला, रिची फॉकनर आला, आणि 2018 चा 'फायरपॉवर' हा त्यांच्या कित्येक वर्षांतला सगळ्यात घट्ट अल्बम ठरला. त्यावर टॉम ॲलम आणि अँडी स्नीप असे दोन निर्माते होते. बाहेरचा कान पुन्हा आला होता.

हाच न्याय ब्रूसला लावा. 1997 आणि 1998 मध्ये त्याने 'ॲक्सिडेंट ऑफ बर्थ' आणि 'द केमिकल वेडिंग' हे स्वतःचे अल्बम केले. दोन्हींवर एड्रियन आहे आणि निर्माता रॉय झी. 'व्हर्चुअल इलेव्हन' आणि 'द केमिकल वेडिंग' एकाच वर्षातले. लेखकाची जोडी आणि बाहेरचा निर्माता तिकडे, मोठं नाव इकडे. कुठलं काम कुठे गेलं होतं, हे याहून स्पष्ट काय हवं?

1999 मध्ये दोघं परतले, गर्सही राहिला आणि बँड सहा जणांचा झाला. मे 2000 चा 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' पॅरिसच्या गियोम टेल स्टुडिओत केव्हिन शर्लीने केला, बराचसा सगळ्यांना एकत्र उभं करून. कोठार सुटलं, बाहेरचा माणूस आला, एड्रियनची लेखणी आली. गंमत म्हणजे त्यातल्या काही गाण्यांची सुरुवात 'व्हर्चुअल इलेव्हन'च्याच काळातली होती. म्हणून 2000 ची उसळी फक्त ब्रूसच्या खात्यावर टाकणं अन्यायाचं आहे.

पण शर्ली ध्वनी पकडतो, कापत नाही. निर्मितीत हॅरिसचं नाव त्याच्याबरोबर राहिलंच. 2006 चा 'अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ' मास्टरिंग (ध्वनीवरचा शेवटचा हात) न करताच प्रसिद्ध केला गेला. त्यातली कच्ची ऊब मला आवडते, पण लांबीचा प्रश्न तसाच. 2015 चा 'द बुक ऑफ सोल्स' 92 मिनिटं, 2021 चा 'सेन्जुत्सू' 82. सेन्जुत्सूची शेवटची तीन गाणी एकट्या हॅरिसची आहेत आणि तिन्ही दहा मिनिटांच्या वर. रचना ओळखीची: शांत बेस किंवा गिटारने सुरुवात, हळू आवाजातलं कडवं, सगळ्यांचा प्रवेश, धून आणि गायन एकाच ओळीवर, सोलो, पुन्हा सुरुवातीचा शांत भाग. यातलं 'हेल ऑन अर्थ' ही चौकट सार्थ करतं. पण तीन गाणी सलग तशीच आली की तिसऱ्याला न्याय मिळत नाही. शेजारी एड्रियन आणि ब्रूसचं 'डेज ऑफ फ्यूचर पास्ट' चार मिनिटांत आपलं काम करून जातं. म्हणजे जुनी विभागणी परत आली आहे, कात्री मात्र आली नाही. गिटारी तीन झाल्यावर मधल्या पट्ट्यात गर्दीही होते: तिघं एकाच सप्तकात तोच कॉर्ड धरतात तेव्हा तिसरी गिटार ऐकूच येत नाही, आणि हॅरिसचा फ्लॅटवाउंड तारांचा खणखणीत बेस त्याच गर्दीत घुसतो. तिघांनी वेगवेगळ्या सप्तकांत सूर वाटून घेतले की मात्र 'ब्लड ब्रदर्स'सारखी रुंदी मिळते.

आपल्याकडे या चर्चेला एक झुकाव आहे. मेडन भारतात आले ते सहा जणांच्या रूपात: मार्च 2007 ला बंगळुरू, 1 फेब्रुवारी 2008 ला मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात. मुंबईच्या त्या रात्रीपासून ऐंशीच्या दशकावर बेतलेला दौरा सुरू झाला आणि गाणीही जवळजवळ सगळी त्याच दशकातली होती. त्यामुळे इथल्या अनेकांच्या कानात 'खरं मेडन' म्हणजे ब्रूस, तीन गिटारी आणि जुनी गाणी. ब्लेझचे दोन अल्बम न ऐकताच बाजूला पडले. त्यांच्यावर मत देण्याआधी निदान 'साइन ऑफ द क्रॉस', 'मॅन ऑन द एज', 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज', 'फ्युचरियल' आणि 'द क्लॅन्समन' ही पाच गाणी स्टुडिओच्या आवृत्तीत ऐका.

राहिला सायमन डॉसन. निकोला जानेवारी 2023 मध्ये पक्षाघाताचा झटका आला, तरी तो वाजवत राहिला आणि डिसेंबर 2024 मध्ये साओ पाउलोला शेवटची मैफल करून दौऱ्यांतून बाजूला झाला. तेव्हा तो 72 वर्षांचा होता. डॉसन हॅरिसच्या ब्रिटिश लायन या दुसऱ्या बँडमधला ड्रमर, म्हणजे हॅरिसचा बेस कुठे ढकलतो हे त्याला आधीपासून ठाऊक. निकोची ओळख एका पायाची: 'व्हेअर ईगल्स डेअर'मधले जलद तिप्पट ठोके तो एकाच पेडलवर काढतो. दुसरी ओळख राइड झांजेवरचं भरगच्च काम. डॉसनमध्ये हे शोधलं तर ते सापडणार नाही, तो जास्त सरळ वाजवतो. पण 2025 च्या दौऱ्याची सुरुवात 'मर्डर्स इन द र्यू मोर्ग', 'रॅथचाइल्ड', 'किलर्स' आणि 'फँटम ऑफ द ऑपेरा' या गाण्यांनी झाली, आणि ती चारही मुळात क्लाइव्ह बरची. बर हाय-हॅटवर (पायाने उघडझाप होणाऱ्या जोडझांजेवर) चालायचा, ठेका किंचित पुढे झुकलेला आणि फिल, म्हणजे ओळींमधले ड्रम्सचे भरणीचे तुकडे, छोटे. त्या गाण्यांत डॉसनला निकोशी ताडणं चुकीचं आहे. पहिल्या दोन अल्बमशी ताडा. 'द ट्रूपर' आणि 'एसेस हाय'मध्ये मात्र निकोशी तुलना रास्त आहे, आणि तिथे राइडची वीण विरळ झाल्याचं कळतं.

फोनवर काढलेल्या चित्रफितींवरून किक ड्रम किंवा झांजांवर मत बनवू नका. फोन आवाज आपोआप वर-खाली करतो, खालचा बेस पकडतच नाही आणि झांजा एकत्र कालवतो. त्यावरून दोनच गोष्टी भरवशाने कळतात: लय किती आहे आणि फिल कुठे पडतात. आवाजाच्या पोताबद्दल बोलायला मिक्सिंग बोर्डावरून घेतलेलं ध्वनिमुद्रण लागतं. आणि हा दौरा 1992 पर्यंतच्या गाण्यांपुरता असल्याने, नव्या गाण्याला स्वतःचा ठेका देणं डॉसनला जमतं की नाही याची परीक्षा त्यात झालेलीच नाही.